जाहिरात-फसवणूक पकडणाऱ्या टीममध्ये नवीन डेटा ॲनालिस्ट येतेय, सुरुवात कुठून करून द्यावी?

झिरोमाईल विचारतात:

नमस्कार मंडळी. नागपुरात आयटी पार्कजवळ आमची सहा जणांची टीम आहे. काम एकच, जाहिरातींवरचे खोटे क्लिक आणि खोटे इन्स्टॉल ओळखणं. बहुतेक क्लायंट मोबाइल ॲपवाले आहेत, थोडं काम वेबसाइटवरच्या बॅनरचं. येत्या सोमवारी एक नवीन डेटा ॲनालिस्ट रुजू होतेय. संख्याशास्त्रात एमएस्सी, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) पक्कं, पायथन कामापुरतं. जाहिरातीचा धंदा मात्र तिला पूर्ण नवीन.

आत्ता ठरवलंय ते असं: सोमवारी फसवणुकीच्या प्रकारांचं ७० स्लाइडचं प्रेझेंटेशन, मंगळवारी डॅशबोर्डचं लॉगिन, बुधवारपासून एक छोटा क्लायंट तिच्याकडे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा क्रम बरोबर आहे का? आणि टीम, क्लायंट, ॲड नेटवर्क (जाहिरातदार आणि जागा विकणारे यांना जोडणाऱ्या कंपन्या) या सगळ्यांना तिची ओळख एकाच मेलने करून द्यावी की वेगवेगळी?

---

लॉगवाचक

भाऊ, स्लाइड तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी तिला एका इन्स्टॉलची कच्ची नोंद द्या, अगदी एकच, आणि तिचा प्रवास कागदावर काढायला सांगा: जाहिरात दिसली, क्लिक झाला, रीडायरेक्ट झाला, प्ले स्टोअर उघडलं, डाउनलोड सुरू झालं, ॲप पहिल्यांदा उघडलं, श्रेय (इन्स्टॉल कुणाच्या जाहिरातीमुळे झाला याची नोंद) कुणाला गेलं. प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न: ही वेळ कुणाच्या घड्याळाची? ही नोंद कुणी पाठवली? इथे खोटं बोलल्याने कुणाला पैसे मिळतात?

यात दोन गोष्टी नवख्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. पहिली, आपल्या टेबलातला 'इन्स्टॉल' म्हणजे बहुतेक ठिकाणी ॲप पहिल्यांदा उघडणं, डाउनलोड पूर्ण होणं नव्हे. त्यामुळे क्लिक ते इन्स्टॉल या वेळेत डाउनलोड आणि माणसाने ॲप उघडायला लावलेला वेळ, दोन्ही येतात. दुसरी, श्रेय शेवटच्या क्लिकला मिळतं. क्लिकसाठी साधारण ७ दिवसांची खिडकी असते आणि त्या खिडकीतला शेवटचा क्लिक ज्याचा, पैसे त्याचे. मोबाइलवरची अर्धी फसवणूक या एका नियमावर उभी आहे. तो कळला की प्रकार पाठ करावे लागत नाहीत, तिचे तिलाच सुचतात.

मग तिला क्लिक ते इन्स्टॉल या वेळेचा हिस्टोग्राम काढायला लावा, प्रत्येक सोर्सचा (ज्याच्याकडून क्लिक येतात त्याचा) वेगळा. दोन आकार तिने डोळ्याने ओळखले पाहिजेत.

एक, डाव्या टोकाला सुळका. ॲप १०० एमबीचं आहे असं धरा. १० एमबीपीएसच्या नेटवर नुसतं डाउनलोडच ८० सेकंद घेईल. ५० एमबीपीएस धरलं तरी १६ सेकंद. मग ६ सेकंदांत 'इन्स्टॉल' झालेले शेकडो लोक कुठले? हे क्लिक इंजेक्शन. फोनमध्ये आधीच बसलेलं एखादं ॲप नवीन डाउनलोडची चाहूल घेतं आणि ॲप उघडायच्या अगदी आधी खोटा क्लिक सोडतं. अँड्रॉइडवर याचा पुरावा पक्का मिळतो, काहून की प्ले स्टोअरचा इन्स्टॉल रेफरर डाउनलोड सुरू झाल्याची वेळ देतो. क्लिकची वेळ त्यानंतरची असेल तर त्या क्लिकमुळे ते डाउनलोड झालेलं असूच शकत नाही. फक्त तुलना करताना सर्व्हरकडची वेळ घ्या. फोनचं घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर निर्दोष माणूस अडकतो.

दुसरा आकार सपाट. खऱ्या जाहिरातीतले बहुतेक इन्स्टॉल क्लिकनंतरच्या पहिल्या तासात येतात, पुढे आलेख भराभर उतरतो. ज्या सोर्सचा आलेख पहिल्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत जवळपास एकसारखा आहे, त्याच्या क्लिकचा आणि इन्स्टॉलचा संबंध नाही. हे क्लिक फ्लडिंग. ५ लाख क्लिक आणि ४० इन्स्टॉल, म्हणजे ०.००८ टक्के, असे आकडे इथे दिसतात. लाखो फोनच्या नावाने क्लिक टाकून ठेवायचे, त्यातल्या कुणी आपणहून ॲप घेतलं की श्रेय आपलं.

इथला फास तिला मुद्दाम दाखवा. फ्लडिंगवाल्या सोर्सचा रिटेन्शन (ॲप घेतलेले किती लोक टिकतात ते) उत्तम असतो! ते ग्राहक खरेच असतात, जाहिरातीशिवाय आले असते असे. त्यामुळे 'तीस दिवसांनीही लोक टिकलेत, म्हणजे सोर्स चांगला' हा निष्कर्ष इथे उलटा पडतो. बघायचं ते हे, की हा सोर्स वाढला तेव्हा ऑरगॅनिक (जाहिरातीशिवाय आलेले) इन्स्टॉल तेवढेच घटले का. शंका उरली तर क्लायंटला सांगून तो सोर्स आठवडाभर बंद ठेवा. एकूण इन्स्टॉल जागचे हलले नाहीत तर उत्तर मिळालं.

---

अंबाझरी_काठ

वरचं सगळं मान्य, पण मी आणखी एक पायरी मागे जाईन. फसवणूक दाखवायच्या आधी, फसवणुकीसारखं दिसणारं पण खरं असलेलं ट्रॅफिक दाखवा. पहिला आख्खा आठवडा त्यालाच द्या. नवीन ॲनालिस्ट हुशार असेल तर दुसऱ्याच दिवशी 'सापडला' म्हणत येते, आणि दहापैकी आठ वेळा सापडलेलं हे यातलं काहीतरी असतं:

एका आयपीवरून हजारो क्लिक. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ पत्ते हजारो ग्राहकांत वाटून वापरतात. भारतात तर हा रोजचा मामला आहे. 'तासाला एका आयपीवरून १०० पेक्षा जास्त क्लिक म्हणजे बॉट' हा नियम ऑफिसच्या ब्रॉडबँडवर चालेल, मोबाइलच्या नेटवर्कवर नाही. आधी तो आयपी कुणाचा हे एएसएन (पत्ता कुठल्या नेटवर्कचा हे सांगणारा क्रमांक) लावून बघायचं, मगच मर्यादा ठरवायची. आयपीव्ही६ असेल तर सुटा पत्ता न मोजता पहिल्या ६४ बिटांनी गट करायचा. नाहीतर एकच फोन पन्नास फोन वाटतो.

एकाच डिव्हाइसवरून ४०,००० क्लिक. आयडी उघडून बघा. सगळी शून्यंच असतील तर ते डिव्हाइस नाही. अँड्रॉइडवर जाहिरात आयडी डिलीट केला किंवा आयफोनवर ट्रॅकिंगला नकार दिला की आयडीच्या जागी शून्यांची माळ येते. आयफोनवर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून तर अशा ओळींचा ढीगच आहे. प्रत्येक क्वेरीत सर्वात आधी हा शून्य आयडी 'माहीत नाही' या खात्यात टाकायचा.

सगळे फोन 'अँड्रॉइड १०, मॉडेल के'. हे बघून नवीन माणसाला वाटतं की बॉट फार्मच हाती लागलं. क्रोमने २०२३ पासून मोबाइलवरच्या यूजर एजंटमधली (ब्राउझर स्वतःची आणि फोनची ओळख देतो त्या ओळीतली) माहिती कमी केली. फोन कुठलाही असो, आवृत्ती १० आणि मॉडेल 'के' असंच लिहून येतं, ब्राउझरच्या आवृत्तीतही पहिल्या आकड्यानंतर शून्यंच. खरं मॉडेल हवं असेल तर क्लायंट हिंट्स (ब्राउझरने वेगळी मागितल्यावर दिलेली ही माहिती) मागवाव्या लागतात.

नकाशावर नागपूरजवळ मोठा ठिपका. ही आपल्याकडची खास गंमत, आणि हिच्यावर वेळ द्याच. आयपीवरून जागा सांगणाऱ्या डेटाबेसला फक्त 'भारत' एवढंच माहीत असतं, तेव्हा तो देशाच्या साधारण मध्याचे अक्षांश-रेखांश देतो. देशाचा मध्य म्हणजे कुठे, हे झिरो माईलच्या गावातल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे जिथलं ठिकाण माहीत नाही असं देशभरातलं ट्रॅफिक नकाशावर विदर्भ-छिंदवाड्याच्या पट्ट्यात येऊन पडतं. अमेरिकेत याच कारणाने कॅन्ससमधल्या एका शेतघरावर कोट्यवधी आयपी पत्ते दाखवले जायचे, ते प्रकरण २०१६ मध्ये बाहेर आलं. उपाय सोपा आहे: अक्षांश-रेखांशासोबत अचूकतेची त्रिज्या हा कॉलम येतो, तो वाचायचा. त्रिज्या शेकडो किलोमीटर असेल तर ते ठिकाण धरायचंच नाही. याच्या उलटही होतं. नागपुरात धरमपेठेत बसलेल्या माणसाचा मोबाइल आयपी मुंबईचा दिसतो, कारण नेटवर्क बाहेर पडतं तिथून. शहराच्या पातळीवर मोबाइल आयपीचा भरवसा धरू नये.

डेटा सेंटरचा आयपी. बहुतेक वेळा दोषीच, पण ऑपेरा मिनीसारखे ब्राउझर पान आपल्या सर्व्हरवरून आणतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचं नेट क्लाउड प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरवरून) जातं. त्यांच्यामागे खरी माणसं असतात.

पाच मिनिटांचा उसळा. क्रिकेटच्या सामन्यात षटक संपलं की क्लिक एकदम चढतात. बॉटचा उसळा आणि हा उसळा यात फरक बघायचा तर डिव्हाइस, ऑपरेटर, शहर यांची विविधता बघा. खऱ्या गर्दीत ती नेहमीएवढीच राहते.

क्लिक झाला, पुढे काहीच नाही. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की प्रिव्ह्यूसाठी ती लिंक उघडली जाते. यूजर एजंटमध्ये तसं लिहिलेलंही असतं. हे ट्रॅफिक वजा करायचं, पण ते कुणाचं कारस्थान नसतं.

या प्रत्येकाची २०० ओळींची एक फाइल करा, त्यात खऱ्या फसवणुकीच्या तीन फाइली मिसळा, नावं काढून टाका आणि तिला द्या. प्रत्येक फाइलवर तिने 'दोषी', 'निर्दोष' किंवा 'सांगता येत नाही' लिहायचं, कारणासकट. तिसरं उत्तर ती किती वेळा देते ते बघा. एकदाही दिलं नाही तर काळजी करा.

---

संत्रामार्केट

अंबाझरी_काठ यांच्या मुद्द्याला आकड्याची जोड. तुमची ॲनालिस्ट संख्याशास्त्राची आहे, तिला हे एका मिनिटात पटेल.

१,००,००० क्लिक, त्यात २ टक्के खोटे, म्हणजे २,०००. नियम ९० टक्के खोटे पकडतो: १,८००. खऱ्या ९८,००० पैकी फक्त ३ टक्के चुकून अडकले: २,९४०. एकूण अडकले ४,७४०, त्यात खरोखर खोटे ३८ टक्के. म्हणजे 'उत्तम' वाटणाऱ्या नियमाने दर पाचात तीन निर्दोष धरले. चुकून अडकण्याचं प्रमाण ०.५ टक्क्यावर आणलं तर निर्दोष ४९० उरतात आणि अचूकता ७९ टक्क्यांच्या आसपास जाते.

म्हणून नियमांच्या दोन पातळ्या ठेवा, 'नजर ठेवा' आणि 'पैसे कापा'. पहिले तीन महिने तिला पहिली पातळी पूर्ण मोकळी, दुसरीसाठी वरिष्ठाची सही.

---

धरमपेठी

मला ७० स्लाइड अगदीच फेकून द्याव्यात असं वाटत नाही. शब्द तरी लागतातच. क्लायंटच्या फोनवर 'सामान्य अवैध' आणि 'अत्याधुनिक अवैध' हे ट्रॅफिकबद्दलचे शब्द आले तर ती गोंधळायला नको. मीडिया रेटिंग काउन्सिल या जाहिरातींचं मोजमाप तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेची ही विभागणी आहे. यादी लावून पकडता येतात ते ओळखीचे क्रॉलर आणि डेटा सेंटर पहिल्यात, शोधून काढावे लागतात ते दुसऱ्यात. पण १५ स्लाइड पुरे, आणि त्या तिसऱ्या दिवशी.

वेबच्या कामासाठी एक व्यायाम सुचवतो, अर्ध्या तासाचा. कुठल्याही बातम्यांच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ॲड्स डॉट टीएक्सटी (साइटची जाहिरातींची जागा कुणाला विकायची मुभा आहे याची यादी) उघडायची. प्रत्येक ओळीत स्वल्पविरामांनी वेगळे केलेले भाग असतात: जाहिरात यंत्रणेचं डोमेन, खात्याचा क्रमांक, 'डायरेक्ट' की 'रीसेलर', आणि ऐच्छिक चौथा भाग प्रमाणन संस्थेचा. मग त्या यंत्रणेच्या सेलर्स डॉट जेसनमध्ये (तिच्या विक्रेत्यांच्या यादीत) तोच खाते क्रमांक शोधायचा. एकीकडे 'डायरेक्ट' आणि दुसरीकडे तो मध्यस्थ म्हणून नोंदलेला, अशी विसंगती तिला पहिल्या तासात सापडेल. विसंगती म्हणजे फसवणूकच असं नाही, कित्येकदा जुनी फाइल बदलायची राहून गेलेली असते.

ॲड्स डॉट टीएक्सटी काहून आली हे समजावायला मेथबॉटचं प्रकरण पुरेसं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या त्या टोळीने स्वतःच्या सर्व्हरवर बनावट ब्राउझर चालवले, आयपी पत्ते घरगुती इंटरनेटचे वाटावेत असे नोंदवले आणि ६,००० हून जास्त नामांकित डोमेनची नावं लावून व्हिडिओ जाहिरातींची जागा विकली. विकणारा खरंच त्या साइटचा आहे का, हे तपासायची सोयच खरेदीदाराकडे नव्हती. ॲड्स डॉट टीएक्सटी २०१७ मध्ये आली.

---

झिरोमाईल

खूप आभार सगळ्यांचे. बुधवारचा क्लायंट रद्द केला. निर्दोष ट्रॅफिकच्या फाइली बनवायला आजच बसतो.

दोन गोष्टी राहिल्या. ओळखीच्या मेलचं काय? आणि एसक्यूएल तिला येतं, पण पहिलं काम म्हणून नेमकी कुठली क्वेरी द्यावी?

---

टेकडी_रोड

मेलचं मी सांगते. एकच मेल सगळ्यांना नको. प्रत्येकाला वेगळी गोष्ट कळायला हवी.

टीमला: ती काय बघेल, काय ठरवू शकते आणि काय नाही, हे लिहा. शिक्षण आणि आधीची नोकरी यात दोन ओळींपेक्षा जास्त घालवू नका.

'मंडळी, सोमवारपासून आपल्याकडे (नाव) डेटा ॲनालिस्ट म्हणून रुजू होत आहेत. त्यांचं शिक्षण संख्याशास्त्रात झालं आहे. पहिले दोन आठवडे त्या जुनी, निकाल लागलेली प्रकरणं पुन्हा तपासतील. आपला निकाल त्यांना आधी सांगू नये. तिसऱ्या आठवड्यापासून दोन ॲप क्लायंटचा रोजचा अहवाल त्या पाहतील. एखाद्या सोर्सवर नजर ठेवायचा निर्णय त्या स्वतः घेतील, पैसे कापण्याचा निर्णय नेहमीप्रमाणे टीम लीडकडे राहील. नियम का लावला हे त्यांनी विचारलं तर लेखी उत्तर द्या. उत्तर सापडलं नाही तर तो नियम आपण परत तपासू.'

शेवटचं वाक्य ठेवाच. जुने नियम कुणी का लावले हे कुणालाच आठवत नाही, आणि नवीन माणूस हीच ते विचारायची एकमेव संधी असते.

क्लायंटला: तीन ओळी. नाव, अहवाल कोण पाठवेल, तक्रार कुणाकडे. दोन आठवड्यांनंतर पाठवा, आधी नाही.

नेटवर्कला आणि पब्लिशरला (ज्यांच्या साइटवर किंवा ॲपवर जाहिरात दिसते त्यांना): नावाने ओळख करून देऊच नका. ज्यांचे पैसे कापले जातात त्यांच्याकडून थेट फोन, दबाव, गोड बोलणं सगळं येतं. वादाचे सगळे मेल टीमच्या सामाईक पत्त्यावर येऊ द्या. सोशल मीडियावर तिने नवीन नोकरीबद्दल लिहिलं तर आनंदाने लिहू द्या, पण कुठले नियम, कुठल्या मर्यादा, कुठले क्लायंट हे नको. मर्यादा १० सेकंदांची आहे हे बाहेर कळलं की दुसऱ्या आठवड्यात सगळे खोटे इन्स्टॉल ११ सेकंदांवर सरकतात.

भाषेचं पहिल्या दिवसापासून लावून द्या. अहवालात 'फसवणूक केली' लिहायचं नाही, 'अवैध ट्रॅफिक आढळलं' लिहायचं. आपल्या हातात नोंदी आहेत, कुणाचा हेतू नाही. पब्लिशरने स्वस्तात ट्रॅफिक विकत घेतलं आणि त्यालाच फसवलं, असंही असतं.

आणि लॉगिन द्यायच्या आधी: फक्त वाचायचा हक्क, आयपी आणि डिव्हाइस आयडी हॅश केलेले (मूळ आकडा दिसणार नाही अशा संकेतात बदललेले). ज्यावरून माणूस ओळखता येतो असा डेटा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली येतो. लॅपटॉपवर कच्चे लॉग उतरवायची सवय लागूच देऊ नका.

---

लॉगवाचक

पहिली क्वेरी: मागच्या महिन्यातल्या एका क्लायंटचं एका दिवसाचं बिल. तुमच्या पाठवलेल्या अहवालातला आकडा तिने कच्च्या टेबलांवरून रुपयापर्यंत जुळवायचा. नवीन काही शोधायचं नाही, फक्त जुळवायचं. यात ती तीन ठिकाणी अडखळेल आणि तिन्ही ठिकाणी अडखळायलाच हवं.

एक, दिवस. टेबलं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, बिल भारतीय वेळेचं. आपला एक दिवस म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीच्या १८:३० पासून त्या दिवशीच्या १८:३० पर्यंत. तारखेच्या एकाच पार्टिशनवर (टेबलाच्या भागावर) फिल्टर लावला की पहिले साडेपाच तास गळतात आणि दुसऱ्या दिवसाचे साडेपाच तास आत येतात. एकूण आकडा जवळपास तेवढाच भरतो, म्हणून चूक दिसत नाही.

दोन, जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं. क्लिक आणि इन्स्टॉल डिव्हाइस आयडीवर जोडले की ४० इन्स्टॉलच्या ९०० ओळी होतात, कारण एका डिव्हाइसचे अनेक क्लिक. इन्स्टॉलच्या आधीच्या क्लिकना वेळेप्रमाणे उतरता क्रमांक द्यायचा आणि पहिलाच घ्यायचा. शून्य आयडी आधी बाजूला काढला नसेल तर इथे क्वेरी तासभर फिरत बसते.

तीन, उशिरा येणाऱ्या नोंदी. फोन ऑफलाइन होता, नोंद दुसऱ्या दिवशी पोचली. घडल्याची वेळ धरायची की पोचल्याची, हे करारात लिहिलेलं असतं. तिला करार वाचायला द्या.

---

अंबाझरी_काठ

एक भर घालतो, मग थांबतो. दोन अँड्रॉइड फोन, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि ऑफिसचं वायफाय तिच्या हातात द्या. टेस्ट लिंकवर स्वतः क्लिक करून ॲप घ्यायचं, मग तीच नोंद लॉगमध्ये शोधायची. सिमवर एकदा, वायफायवर एकदा, जाहिरात आयडी रीसेट करून एकदा, डिलीट करून एकदा. वेळ कागदावर सेकंदासकट लिहून ठेवायची. चौथ्या वेळेस स्वतःच्या फोनच्या जागी शून्यं दिसली की वरची अर्धी यादी आपोआप ध्यानात बसते. दोन तासांचं काम आहे.

फक्त टेस्ट लिंकला वेगळा सब-आयडी (लिंकला जोडायची खूण) द्या आणि तो बिलाच्या क्वेरीतून आधीच वगळा, नाहीतर महिनाअखेरीला क्लायंटला तिच्याच क्लिकचं बिल जाईल.